चार बोटं उंच

लव्हॉनने तिच्या पोराशी पैज लावली ती ईस्टरच्या दिवशी, माझ्या घरी, मी पहाटे उठून भाजलेल्या हॅमसमोर. त्यामुळे पुढच्या भानगडीत मीही धरली जाणार हे उघडच होतं.

लव्हॉन माझी शेजारीण. मी जन्मभर आमच्या ओस्टर गावच्या शाळेची बस चालवली आणि तिने त्याच शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलं. म्हणजे गावातल्या निम्म्या माणसांना मी शाळेत पोचवलंय आणि तिने जेवू घातलंय. आता तिचं वय शहात्तर. नवरा एर्विन जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच, कर्टिस, तो मिनिआपोलिसला विमा कंपनीत आहे. विम्यातल्या माणसाला प्रत्येक पायरीवर कुणीतरी पडलेलं दिसतं, आणि गेल्या जानेवारीत लव्हॉन खरोखरच पडली. टपालपेटीपर्यंत गेली, बर्फावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. तेव्हापासून कर्टिसने त्याच्या घराजवळच्या, म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेल्या नव्या इमारतीचा धोशा लावला होता. खोलीही बघून ठेवली होती.

"आई, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे," तो म्हणत होता. "जेवण तिथेच, डॉक्टर तिथेच. खाली रोज बिंगो असतो."

"मला बिंगोचा तिटकारा आहे."

"मग नको खेळूस."

"मग तिथे येऊन करू काय? जेवणाची वाट बघत बसू?"

"आणि इथे काय करतेस? त्या डबड्याला खिळे ठोकत बसतेस!" मग तो माझ्याकडे वळला. "आर्लिस मावशी, तूच सांग. तो ट्रेलर कधी रस्त्यावर येणार आहे का?"

मी बटाटे पुढे केले. आमच्याकडे उत्तर द्यायचं नसलं की बटाटे पुढे करतात.

लव्हॉनने काटा खाली ठेवला. "आणि जूनच्या मेळाव्याला मी तो तळ्यावर नेला तर?"

"तू नेणार?"

"मीच नेणार. गाडीला मागे जोडून, स्वतः चालवत. शुक्रवारी फाटक बंद व्हायच्या आत."

"नेलास तर त्या खोलीचं मी नाव काढणार नाही," कर्टिस म्हणाला. "आणि नाही जमलं, तर सोमवारी मी त्यांना हो म्हणून कळवणार. मग कुरकुर न करता सामान बांधायचं."

तिने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याने तो धरला. आमच्या गावात हात मिळवला की विषय संपला, मग आई-मुलगा असो नाहीतर बँक. माझा नवरा डेल्मर म्हणाला, "हॅम छान झालाय." कुणीतरी काहीतरी बोलायला हवंच होतं.

ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, तेव्हा माझ्या गॅरेजात होता, आणि ट्रेलर म्हणावं असं त्यात फारसं काही नव्हतं. बासष्ट सालची बनावट, बाजूने बघितलं तर हॅमच्या डब्यासारखा गोलसर. लव्हॉनला तो मर्ल स्टुम्फ या आमच्या खाटकाच्या कुरणात सापडला होता. आत कोंबड्या राहत होत्या. मर्ल म्हणाला होता, घेऊन जा, फक्त कोंबड्या परत करा.

तिला तो कशासाठी हवा होता ते मला ठाऊक होतं. दर जूनमध्ये गावापासून तासाभरावरच्या तळ्यावर जुन्या ट्रेलरांचा मेळावा भरतो. शनिवारी सगळे आपापली दारं उघडी ठेवतात, आणि कुणीही बूट काढून कुणाच्याही ट्रेलरमध्ये शिरून बघावं अशी रीत आहे. लव्हॉन आणि एर्विन वर्षानुवर्षं तिथे जायचे. दर दारासमोर बूट काढायचे आणि पडदे, चुली, पाट्या बघत फिरायचे. एर्विन दरवर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी आपलाही आणू. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत तो माणूस गेला. लव्हॉन त्यानंतरही एकटी जात राहिली, लोकांच्या दारात बूट काढत राहिली. मग एक दिवस ती मर्लच्या कुरणात गेली आणि कोंबड्या हाकलू लागली.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधलेले असतात. आधी आतली लाकडी भिंत, मग सांगाडा, आणि सगळ्यात शेवटी वरचा पत्रा. म्हणून दुरुस्त करायचे तर कांदा सोलावा तसे बाहेरून सोलावे लागतात. आम्ही पत्रा काढला तेव्हा खालचा सांगाडा हातात आला, अक्षरशः हातात, ओल्या केकसारखा. लव्हॉनने एकेक कुजकी फळी टेबलावर मांडली, तिच्याभोवती पेन्सिल फिरवली आणि तसंच्या तसं नवं लाकूड कापलं. मनगटाचं प्लास्टर सुटलं त्याच आठवड्यात ती करवत घेऊन उभी होती. आतल्या भिंतींना बर्चच्या लाकडाचं प्लाय लावलं आणि त्यावर लाखेचं पॉलिश, एकावर एक हात, मधाचा रंग येईपर्यंत. त्या वासाने डेल्मर महिनाभर गॅरेजात शिंकत होता.

तिच्याबरोबर काम करणं म्हणजे डोक्याला ताप होता, हे मी मैत्रीण असूनही सांगते. सगळं बासष्ट सालचंच हवं. मी म्हटलं, छोटा एसी बसवू, जुलैत उकडतं. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये मोबाइल वाजवला. मी म्हटलं, निदान मायक्रोवेव्ह. ती म्हणाली, "आर्लिस, बासष्ट साली तू मायक्रोवेव्हमध्ये काय गरम करत होतीस?" बासष्ट साली मी नाकातला शेंबूड पुसत होते, पण मी वाद घातला नाही. छतावरच्या हवेच्या झरोक्याचं मूळ झाकण मिळवायला तिने तीन राज्यांतल्या भंगारवाल्यांना फोन करून वैताग आणला. ते मिळालं त्या दिवशी तिने ते उशाशी घेऊन झोपायचं तेवढं बाकी ठेवलं.

ईस्टरनंतर आम्ही जिवाचं रान केलं. पत्रा चढवला, खालचा पट्टा फिरोजी आणि वरचा पांढरा रंगवला. पडदे लव्हॉनने शिवले, त्यावर बदकं. मी बाकांच्या गाद्या शिवल्या, त्या तिने उसवल्या आणि पुन्हा शिवल्या. डेल्मरने गंजलेले जुने स्प्रिंगचे पाटे काढून नवे टाकले, नवे टायर घातले, आणि शेवटी छतावर तो लाडका झरोका बसला, चांगला चिकट मसाला भरून, स्क्रू आवळून, आता प्रलय आला तरी थेंब आत येणार नाही असा. मेळाव्याच्या आठवड्यातल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही तिघं गॅरेजात खुर्च्या टाकून नुसते बघत बसलो. लव्हॉन म्हणाली, "एर्विनला आवडला असता." मग लगेच म्हणाली, "बदकं सोडून." आम्ही हसलो. इतका आनंद मला निवृत्तीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

शुक्रवारी दुपारी निघायचं होतं. तळ्यावरचं फाटक सहाला बंद होतं आणि रस्ता तासाभराचा, म्हणजे वेळ भरपूर होता. कुणी कुठे निघालं की आमच्याकडे लोक खायला घेऊन येतात, मग माणूस युद्धावर निघो की तासाभरावर. लिंडक्विस्ट बहिणी आल्या, ब्यूला आणि आयोना. दोघी चर्चच्या तळघरातलं स्वयंपाकघर चालवतात आणि स्वतःच्या हातचं मनापासून जेवतात. त्यांनी लिंबाच्या वड्यांचं ताट आणि ओव्हनमध्ये भांड्यातच भाजलेला बटाट्याचा गरम हॉटडिश आणला. मर्ल सॉसेज घेऊन आला. पाद्री हाउगे आशीर्वाद घेऊन आले, आणि वड्या दिसल्यावर थांबले. कर्टिसही अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला. चांगली पँट, चकचकीत बूट. आईच्या गालाला गाल लावला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

लव्हॉनने एर्विनचा जुना पिकअप मागे घेत घेत गॅरेजात आणला आणि एका फटक्यात मागचा हूक ट्रेलरच्या दांड्याला नेऊन भिडवला. मी बस चालवणारी बाई आहे, मला कळतं, असं मागे घेणं सगळ्यांना जमत नाही. मी चोरून कर्टिसकडे बघितलं. तो घड्याळ बघत होता.

ती पुढे निघाली. डेल्मर ओरडला, "थांब! थांब!"

झरोका गॅरेजाच्या दाराच्या वरच्या तुळईला टेकत होता. टेकत म्हणजे, आणखी पुढे गेली असती तर उपटूनच निघाला असता.

झालं होतं ते आता अगदी स्पष्ट दिसत होतं. ट्रेलर आत आणला तेव्हा त्याचे टायर बसलेले होते, पाटे गंजून चपटे झाले होते आणि छतावर काहीच नव्हतं. डेल्मरने तेव्हा उंची मोजली होती. व्यवस्थित जात होता, म्हणून पुन्हा कुणी मोजली नाही. मग आम्ही त्याला नवे पाटे दिले, नवे टायर दिले, डोक्यावर टोपी चढवली. सगळं इतकं मन लावून केलं की ट्रेलर आमच्याच दारापेक्षा चार बोटं उंच झाला.

"झरोका काढू," डेल्मर म्हणाला.

"हात लावून बघ," लव्हॉन म्हणाली. मसाला वाळून दगड झाला होता. तो उपटायचा तर छताचा पत्रा फाटला असता, आणि मग पाऊस सरळ बर्चवर. हे डेल्मरलाही माहीत होतं. म्हणून तो आत गेला आणि करवत घेऊन आला. "मग तुळई कापतो."

"डेल्मर," मी म्हटलं, "त्या तुळईवर आपली झोपायची खोली आहे."

त्याने वर बघितलं आणि करवत खाली ठेवली.

लव्हॉन पिकअपच्या दाराला धरून उभी होती आणि तिचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. शाळेच्या वाफाळत्या पातेल्यांसमोर आयुष्य काढलेली ही बाई, नाकावर माशी बसू देत नाही, आणि आता बाहीने डोळे पुसत होती. सोमवारी ती सामान बांधणार, बिंगोच्या वर राहायला जाणार, आणि शेजारच्या खिडकीत दिवा दिसणार नाही. हे मला नको होतं. तिच्यासाठी नको होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही नको होतं.

"हवा काढ," मी डेल्मरला म्हटलं. "चाकांतली हवा काढ. रस्त्यावर गेल्यावर परत भरू."

त्याने दोन्ही चाकांतली हवा जपून काढली. ट्रेलर सुस्कारा टाकून खाली आला, पण पुरेसा नाही. डेल्मर शिडीवर चढला, फटीत बोटं घातली. "अजून दोन बोटं."

"वजन टाका आत," मर्ल म्हणाला. "पाटे दबतील."

हिवाळा असता तर घरोघरी वाळूची पोती निघाली असती, बर्फात पिकअपची मागची चाकं घसरू नयेत म्हणून टाकतो ती. जूनमध्ये ती कुणाकडे असणार? सगळ्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की वजन कुठे आहे, आणि सगळे एकदमच जमिनीकडे बघू लागले.

आता ही आमची अडचण समजून घ्या. आमच्या गावात आपण कुणाचं तोंड फोडलं तर तो माफ करील, पण त्याच्या वजनाचं नाव काढलं तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. पाद्री हाउगे दारातून आडवे होऊन शिरतात हे सगळ्यांना दिसतं आणि कुणालाच माहीत नसतं. मी लव्हॉनकडे बघितलं, घसा साफ केला आणि म्हटलं, "ब्यूला, आयोना, तुम्ही आतून ट्रेलर बघितलाच नाही की अजून! या ना, बघून तर घ्या."

ब्यूला हुशार बाई. तिने एकदा चाकांकडे बघितलं, एकदा बहिणीकडे. "अगं, नको, आम्ही इथेच बऱ्या आहोत."

"या हो."

"उगाच गर्दी कशाला..."

"नाही, या, खरंच या."

"बरं, एवढं म्हणतेस तर," ब्यूला म्हणाली. आमच्याकडे कुठलीही गोष्ट दोनदा नाकारायची आणि तिसऱ्यांदा घ्यायची असते. पहिल्यांदा घेतली तर हावरट, तिसऱ्यांदाही नाकारली तर अपमान. घाई असली तरी ही पद्धत सोडता येत नाही. पाद्रीसाहेबांना मी तीनदा विचारलं, मर्लला तीनदा विचारलं. चाकं चपटी, फाटक सहाला बंद, आणि आम्ही दारात उभं राहून "नको नको, राहू द्या" करतोय. माझा जीव वरखाली होत होता.

पण बसले सगळे. बूट काढून, हॉटडिश मांडीवर घेऊन, बरोबर चाकांच्या वरच्या बाकांवर. मीही चढले. माझं वजन मी सांगणार नाही, पण उपयोगी पडलं. डेल्मरला बाहेरच ठेवला, तो आत बसला काय आणि न बसला काय, पाट्यांना कळलंही नसतं.

तो शिडीवरून ओरडला, "अजून एक बोट!"

सगळे खिडकीच्या काचांतून एकाच दिशेला बघू लागले. बाहेर, उन्हात, कर्टिस उभा होता. कर्टिस लहानपणापासून उंच आणि रुंद. माझ्या बसमध्ये तो दोघांच्या जागेवर बसायचा, आणि आता तर तो विमा कंपनीत चांगलाच रुजला होता. एका बोटाला तो पुरला असता आणि वर उरला असता.

पण त्याला कसं विचारायचं? एक तर वजन. आणि दुसरं म्हणजे, त्याला आत बोलवायचं म्हणजे त्याने स्वतःच्या बुडाने स्वतःची पैज हरावी असं म्हणायचं.

मी खाली उतरले आणि त्याच्याजवळ गेले. त्याने माझ्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. "मी दुष्ट नाहीये, मावशी."

"मी कुठे म्हटलं?"

"जानेवारीत ती किती वेळ बर्फात पडली होती, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हटलं. "मीच उचललं तिला."

"फोन आला तेव्हा मी बैठकीत होतो. गाडीत बसल्यावर किल्ली लावता येईना." त्याने खिशातली किल्ली चाचपली. "मला परत तसला फोन नकोय."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. एवढं मोठं माणूस, आणि आतमध्ये नुसतं घाबरलेलं पोर.

तेवढ्यात लव्हॉन आली. तिने चेहरा पुसला होता. "कर्टिस," ती म्हणाली, "आत ये. कॉफी आहे, ब्यूलाच्या वड्या आहेत."

त्याने चाकांकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं, तो काही बुद्दू नव्हता. "नको, आई. मी इथेच बरा आहे."

"ये की. आतून बघितला नाहीस तू."

"खरंच नको."

झाले दोन नकार. आता तिसऱ्यांदा विचारलं की त्याला यावंच लागणार. आख्ख्या गावासमोर, पाद्र्यासमोर, आईला तिसरा नकार कोण देणार? लव्हॉनने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या बाहीवरचा कसलासा धागा काढला, आणि म्हणाली, "बरं. तुझी मर्जी." आणि वळून पिकअपकडे चालू लागली.

मी धावत तिला गाठलं. "अगं बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तिसऱ्यांदा विचार ना! एकदाच विचारायचं राहिलंय!"

"नाही विचारणार."

"का?"

"तिसऱ्यांदा विचारलं तर त्याला यावंच लागेल. तसा आलेला नकोय मला." ती पिकअपमध्ये चढली, दार ओढून घेतलं आणि समोर बघत बसली. मी इतकी चिडले होते की मला रडू येत होतं. मी पाय आपटत ट्रेलरमध्ये जाऊन बसले. पाद्रीसाहेबांनी मला वडी दिली. मी पहिल्यांदाच घेतली, दोनदा नाकारायला अंगात त्राण नव्हतं.

आयोनाच्या मांडीवरचा हॉटडिश निवत होता.

मग पायरी करकरली. कर्टिस दारात उभा होता, एका पायावर, बूट काढत. त्याने दोन्ही बूट नीट शेजारी शेजारी ठेवले, डोकं वाकवलं आणि आत आला. "सरका जरा," तो म्हणाला.

न विचारता. तिसऱ्यांदा कुणी न बोलावता. मी या गावात जन्मले आणि इथेच मरणार, पण असं करताना मी कुणालाही बघितलं नव्हतं.

तो माझ्या आणि मर्लच्या मध्ये बसला. ट्रेलर कण्हला आणि खाली गेला, आम्हाला सगळ्यांना पोटात जाणवलं.

"बसला!" शिडीवरून डेल्मर किंचाळला. एवढा मोठा आवाज मी त्याच्या तोंडून लग्नातही ऐकला नव्हता. "अरे, बसला खाली! जातोय! लव्हॉन, चल, हळू!"

"आज कॉफीच जड झालीय," ब्यूला म्हणाली, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून.

पिकअप घुरघुरला. आम्ही सरकू लागलो, इतके हळू की आधी कळलंच नाही. पाद्रीसाहेबांनी डोळे मिटले. मर्लने माझा हात धरला आणि तो माझा आहे हे कळल्यावर सोडला. वर काहीतरी घासल्याचा आवाज झाला, अगदी बारीक, आणि आम्ही सहाही जण एकदम खाली वाकलो, जणू आमचीच डोकी लागणार होती. वाकल्याने ट्रेलर हलका होत नाही की जड होत नाही, पण वाकलो.

कर्टिस वाकलेलाच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर कपाटाचं दार होतं. त्याने त्यावरून बोट फिरवलं. लाकडाच्या रेषा एका दारातून दुसऱ्या दारात तुटल्याशिवाय गेल्या होत्या, एकाच फळीतून कापल्या होत्या म्हणून.

"हे कुणी केलं?"

"तुझ्या आईने," मी म्हटलं.

"आणि हे?"

"तिनेच. ते बिजागर डेल्मरने बसवलं होतं, तिने काढून पुन्हा बसवलं."

त्याने दार उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. ते मिटताना एवढासा टक आवाज करायचं. मग त्याने वर बघितलं, मधाच्या रंगाच्या त्या गोल छताकडे, बदकांच्या पडद्यांकडे, पितळी दिव्याकडे. "मला वाटलं होतं, ती नुसती वेळ घालवतेय," तो म्हणाला. नाक ओढलं आणि हात लांब करून ताटातली सगळ्यात मोठी वडी उचलली.

आणि मग खिडकीतून ऊन आत आलं. आधी चुलीवर, मग आयोनाच्या गुडघ्यांवर, मग सगळीकडे. आम्ही बाहेर होतो. डेल्मर शिडीवर उभा राहून टोपी हलवत होता. शिडी गॅरेजात, आम्ही रस्त्याच्या कडेला, आणि तुळईवरची माझी खोली जागच्या जागी. आत असा कल्ला झाला की ट्रेलर नव्या पाट्यांवर डोलायला लागला. पाद्रीसाहेब हसता हसता ठसका लागून लाल झाले, ब्यूलाने त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मी कर्टिसच्या खांद्यावर डोकं टेकून चक्क रडले. आनंदाने रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

उतरायला कुणी तयार होईना. आता सगळ्यांना खरोखरच बघायचं होतं, कपाटं उघडायची होती, बाकांचा पलंग कसा होतो ते करून बघायचं होतं. लव्हॉनने पिकअपमधून उतरून आधी छताकडे बघितलं. झरोक्यावर एक बारीक ओरखडा होता, तेवढंच. मग ती कामाला लागली. डेल्मरला पंप आणायला पाठवला, लिंडक्विस्ट बहिणींना बाहेर काढलं, मर्लच्या हातून पडद्याची दोरी सोडवली. घामाघूम, केस विस्कटलेले, आणि आवाज असा की जेवणाच्या सुट्टीची घंटा झालीय.

कर्टिस पायरीवर बसला होता, मोज्यांवर. त्याने फोन लावला. मी बूट शोधायच्या निमित्ताने तिथेच रेंगाळले.

"हो, त्या खोलीबद्दलच," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत थांबू नका. दुसऱ्या कुणाला देऊन टाका." पलीकडची बाई काहीतरी विचारत होती. त्याने मान हलवली. "नाही नाही, तब्येत उत्तम आहे."

"कर्टिस!" लव्हॉन ओरडली. "गप्पा नंतर मार! डाव्या चाकात हवा भर, सहाला फाटक बंद होतं!"

तो उठला. पंप उचलला, आणि त्या चांगल्या पँटवर चाकाशेजारी मातीत गुडघे टेकता टेकता फोनमध्ये म्हणाला, "कसं सांगू तुम्हाला... आईला वेळ नाहीये."